चेनचं सोवळं

सायकल जिन्याखाली राहत होती तोवर तिच्या चेनला काय लावायचं, हा प्रश्न कुणाच्या घरात पडला नव्हता. हाताशी असेल ते तेल चेनला चालायचं. आईच्या शिवणयंत्राचं तेल असलं तर ते. ते आईने लपवून ठेवलं असेल तर खोबरेल. आणि नाक्यावरच्या गॅरेजवाल्याशी बोलणंचालणं असेल तर स्कूटरमधून काढलेलं काळं इंजिन ऑइल, तेही फुकट, वर 'अजून पाहिजे का' अशी विचारणा. चेन करकरली की तेल घालायचं; घालूनही करकरली तर आणखी घालायचं. वर्षातून एकदा सायकल दुकानात ओव्हरऑइलिंगला टाकली की दुकानदार सगळे छर्रे रॉकेलच्या ताटलीत ओतायचा, चेन त्याच रॉकेलमध्ये घोळवायचा, आणि संध्याकाळी सायकल इतकी हलकी चालायची की आपणच बारीक झालो असं मालकाला वाटायचं.

पुढे सायकली महाग झाल्या. आधी स्कूटरच्या किमतीला गेल्या, मग मोटरसायकलच्या, आणि आता काही सायकली अशा आहेत की नवरा घरी किंमत सांगताना एक शून्य गाळतो आणि बायको ऐकताना ते परत लावून घेते. असली वस्तू जिन्याखाली कोण ठेवील? ती लिफ्टमध्ये उभी करून वर आणली गेली, हॉलमध्ये सोफ्याशेजारी भिंतीला टेकली, आणि तिथे भानगड झाली. सायकल कार्बनची होऊन घरात आली होती. चेन मात्र अजून जिन्याखालचीच होती. पडद्याच्या कडेला काळी रेघ. सोफ्याच्या कव्हरवर काळे ठिपके, एका ओळीत, मधलं अंतर बरोबर अर्धा इंच. पाहुण्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर, उजव्या पोटरीपाशी, दात्यांचा शिक्का.

म्हणून माझं मत असं आहे, आणि आमच्या सायकल ग्रुपमध्ये ते कुणालाही मान्य नाही, की पुण्यात चेनला मेण लावायची चाल पडली ती वेगासाठी नव्हे, सोफ्यासाठी.

चेनचा काळा रंग तेलाचा नसतो, हे आधी सांगायला हवं. बाटलीतलं तेल छान सोनेरी असतं. ते काळं होतं चेनमध्ये गेल्यावर. झिजून निघालेला लोखंडाचा भुगा, रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा तिथे एकजीव लगदा होतो. गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट विकत आणतात, ती आणि ही एकाच जातकुळीची. आपण ती घरच्या घरी बनवतो आणि तिनेच आपली चेन घासत बसतो. घासायला वावही भरपूर. पुढच्या चकतीला पन्नास दाते आणि पायडलचे मिनिटाला नव्वद फेरे धरा. मिनिटाला ४,५०० कड्या पुढे सरकल्या. गिअरच्या सायकलीत प्रत्येक कडी एका फेऱ्यात आठ ठिकाणी वाकते किंवा सरळ होते: पुढच्या चकतीवर चढताना आणि उतरताना, मागच्या चकतीवर तसंच, आणि डिरेलरच्या दोन पिटुकल्या चाकांवर पुन्हा तेच. म्हणजे मिनिटाला ३६,००० वेळा कुठली ना कुठली पिन आपल्या घरात फिरते. हे फिरणं सगळं आत चालतं. आपण तेल ओततो ते बाहेरून दिसेल अशा जागी, आणि तिथे त्याचा उपयोग धुळीला बूड टेकायला जागा मिळावी एवढाच.

मेणाचं म्हणणं इथे येतं. पॅराफिन वितळलं की पातळ होतं, चेन त्यात बुडवली की पिनेपर्यंत शिरतं आणि थंड झालं की तिथेच घट्ट होऊन बसतं. कोरड्या मेणाला धूळ धरत नाही. जास्तीचं मेण खवले होऊन गळतं आणि जाताना बरोबर थोडा कचरा घेऊन जातं. चेनवर बोट फिरवा, बोट स्वच्छ. पांढरा रुमाल चेनवरून फिरवून तोच खिशात घालून दाखवणारे लोक मी पाहिले आहेत. मुद्दा बिनतोड आहे. तो अमलात आणायचा तर सोवळं पाळावं लागतं, एवढीच अडचण.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात जे नियम होते ते तितक्याच बारकाईने पाळलेले मी नंतर फक्त मेणवाल्यांच्या बाल्कनीत पाहिले. आमच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त बँकवाले काका आहेत. नोकरीत असताना ज्या नजरेने चेकवरची सही बघत, त्याच नजरेने आता चेन बघतात. त्यांच्या हिशेबात नुकतीच डब्यातून काढलेली, चकचकीत, कोरी करकरीत चेन ही सगळ्यात ओवळी. कारखान्यातून निघताना तिला ग्रीस फासलेलं असतं, आणि ग्रीसचा अंश जरी राहिला तरी मेण धरत नाही. यात काकांचा विक्षिप्तपणा काही नाही. मेणवाले झाडून सगळे हेच सांगतात, आणि ते खरं आहे. तेव्हा नव्या चेनला आधी स्नान. पहिलं टर्पेंटाइनचं. झाकणाच्या बरणीत चेन घालून खळाखळा हलवायचं, टर्पेंटाइन काळं होतं. दुसरं नव्या टर्पेंटाइनचं, ते करडं होतं. असं ते नितळ निघेपर्यंत. शेवटचं स्पिरिटचं, कारण मागे टर्पेंटाइनही राहता कामा नये. मग चेन तारेला अडकवून उंच टांगायची आणि वाळली तरी तिला उघड्या हाताने शिवायचं नाही. माणसाच्या कातडीला तेल असतं.

काकूंनी एकदा पोळ्या आटोपून बाल्कनीत येऊन, हे काय मेलं डोक्यात येतंय, म्हणून ती हाताने बाजूला सारली. काकांनी चेन उतरवली आणि बरणी पुन्हा बाहेर काढली.

'अहो, मी हात धुतले होते.'

'कशाने?'

'साबणाने. आणखी कशाने धुणार?'

'साबणात ग्लिसरीन असतं,' काका म्हणाले.

शाळेतून आलेल्या काकांनी लहानपणी दांडीवर वाळत घातलेल्या सोवळ्याला हात पुसले होते आणि दुपारचा स्वयंपाक दीड तास लांबला होता, असं काकूंना त्यांच्या सासूबाईंनी सांगून ठेवलं आहे. काकांना त्यातलं काही आठवत नाही.

भांड्यांचंही तेच. मेणाचं पातेलं वेगळं, ढवळायची काडी वेगळी, चेन बाहेर काढायची तार वेगळी. पाकाचा अंदाज घ्यायला काकूंनी हौसेने आणलेला थर्मामीटर एकदा मेणात गेला तो परत आला नाही. इथे मात्र नियम नुसत्या शिस्तीसाठी नाहीत. पॅराफिन थेट गॅसवर ठेवून विसरलात तर ते पेटू शकतं, आणि टर्पेंटाइनने ओली असलेली चेन गरम मेणात सोडणं हा जिवाशी खेळ आहे. म्हणून खाली पाण्याचं पातेलं, त्यात मेणाचं, आणि चेन खडखडीत वाळलेली. मेण साठेक अंशांना वितळतं. काका ते नव्वदच्या जवळ नेतात. चेन त्यात दहाएक मिनिटं ठेवायची आणि मधूनमधून हलवायची, म्हणजे चेनही तितकीच तापते. गार चेनवर मेण बाहेरच थिजतं आणि आत जायचं ते राहूनच जातं. नंतर आच बंद. मेणावर साय धरायला लागली की चेन उचलायची; फार गरम असताना उचलली तर आत गेलेलंही गळून येतं. टांगून ठेवलेली चेन थोड्या वेळात इतकी ताठ होते की ती हातात धरून पत्र्यावरचं मांजर हुसकावता येईल. ही ताठ चेन एखाद्या गोल दांडीवरून ओढत कडी-कडी मोकळी करायची. प्रत्येक कडी सुटताना कट् असा आवाज होतो. सगळ्या प्रकरणात निव्वळ सुखाचा भाग एवढाच, आणि तो काका कुणाला करू देत नाहीत.

चेन अशी वारंवार काढायची-घालायची तर ती जोडणारी कडी सुटणारी हवी. तिला क्विक लिंक म्हणतात. अकरा-बारा गिअरच्या चेनची ही कडी एकदाच वापरा, असं मोठ्या कंपन्या डब्यावर छापतात. 'एकदाच वापरा' हे पुणेकराला सांगायचं! दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी करून विकणाऱ्या लोकांत हा आमचा जन्म. काकांची क्विक लिंक कितव्यांदा लागते आहे ते काका सांगत नाहीत, आणि उतारावर कुणी त्यांच्या फार जवळून चालवत नाही.

मेण वितळवायला परदेशात लोक स्लो कुकर वापरतात. आपल्याकडे स्वयंपाकघरात कुकर म्हणजे शिट्टी. तेव्हा कुणीतरी शोध लावला की ब्युटी पार्लरमध्ये मेण तापवायचा जो गोल हीटर असतो तो या कामाला फर्मास आहे: स्वस्त, झाकणाचा, आच कमी-जास्त करायचा खटका असलेला. शोध उत्तम. तो विकत आणण्याचा प्रसंग तितका उत्तम नाही. ग्रुपमधला आयटीतला मुलगा पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात गेला, तेव्हा मी सोबत होतो. काउंटरवरच्या बाईंनी हीटर काढून दिला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, 'वॅक्स कुठलं देऊ? हनी, चॉकलेट, ॲलोव्हेरा?'

'पॅराफिन.'

'ते टाचांना असतं दादा. भेगा पडल्यात का?'

'नाही. चेनला लावायचंय.'

बाईंनी काउंटरवरून वाकून खाली पाहिलं. मुलगा सकाळच्या राइडवरून तसाच आलेला, अंगात तोकडी सायकलची चड्डी, आणि पाय गुळगुळीत. सायकलवाले हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पायांवरचे केस काढतात, हे बाईंना कसं ठाऊक असणार? 'पायांचं छान झालंय,' त्या म्हणाल्या, 'पण चेनवर कशाला? तिथे थ्रेडिंगच करून घ्या.' चेन हा चेहऱ्याचा कुठला भाग, असा विचार करत आम्ही बाहेर पडलो. बहुधा त्यांनी 'चिन' ऐकलं असावं.

मेण कुठलं, यावर आणखी एक तंटा. किराणा दुकानातली मेणबत्ती वितळवली तर काय बिघडलं? फारसं नाही, पण मेणबत्तीत ती ताठ राहावी म्हणून आणखी काही मिसळलेलं असतं, रंगीत असली तर रंगही, त्यामुळे सोवळ्यातल्या माणसाला ती चालत नाही. तो रविवार पेठेत जाऊन मेणबत्त्या करणाऱ्यांचं मेण किलोवर आणतो. ग्रुपमधल्या एका निसर्गप्रेमी बाईंनी मधमाश्यांच्या मेणाचा आग्रह धरून पाहिला. ते चिकट असतं, धूळ आनंदाने धरतं, म्हणजे ज्यासाठी मेण लावायचं नेमकं तेच होत नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे परदेशातून पुडीत येणारं तयार मेण. त्यात कुणी मॉलिब्डेनम डायसल्फाइड घालतो, कुणी टंग्स्टन डायसल्फाइड. अमेरिकेतली सिल्का कंपनी ते विकते, आणि फिनलंडमधली रेक्स, जी बर्फावर घसरायच्या स्कींना लावायचं मेण करत आली, तीही आता चेनसाठी मेण विकते. ज्या देशात सहा महिने बर्फ असतो त्या देशातल्या लोकांना घसरण्यातलं कळत असणार, असं समजून पुण्यात ते मागवलं जातं. पुडीची किंमत मी लिहीत नाही. हा लेख घरोघरी वाचला जाईल.

इतकं सगळं ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी बाटलीतलं मेण आहे. दक्षिण आफ्रिकेतलं स्क्वर्ट हे त्यातलं बरंच जुनं नाव. मेणाचे बारीक कण पाण्यात मिसळलेले असतात, त्यामुळे बाटलीतून जे येतं ते पांढुरकं दिसतं. पायडल उलटं फिरवत, चेनच्या आतल्या बाजूने, एकेका कडीवर एकेक थेंब सोडायचा, आणि मग तिच्याकडे पाहायचंही नाही. पाणी उडून मेण मागे राहायला काही तास लागतात. म्हणजे रविवारच्या राइडचं मेण शनिवारी रात्री लावायचं. आमच्याकडे ते लावलं जातं रविवारी पहाटे सव्वापाचला, गेटपाशी, एका हातात केळं धरून. मग पहिल्या पाच किलोमीटरांत ते सगळं मागच्या रिमवर उडतं, आणि खडकवासल्याच्या अलीकडेच चेन चिवचिवायला लागते. यात बाटलीचा दोष काढण्यात अर्थ नाही. दुधात पाणी घातलं म्हणून भांडणारे आपण मेणात घातलेल्या पाण्याचे पैसे निमूट मोजतो, तर निदान ते उडून जायला वेळ तरी द्यावा.

आता वॅट. सायकलवाल्यांत बसलं की हा शब्द येतोच, आणि आला की हॉटेलवाला दुसऱ्यांदा चहा विचारून जातो. चांगल्या आणि वाईट वंगणात चार-पाच वॅटचा फरक पडतो, असं चाचण्या करणारे सांगतात. आपण पाच धरू. दोनशे वॅटची ताकद लावणाऱ्या माणसाला पाच वॅट म्हणजे अडीच टक्के. पण सपाट रस्त्यावर ताकद वाढली की वेग तितका वाढत नाही, वारा मध्ये येतो. तेव्हा तासाभराच्या राइडमध्ये हाती लागतं साधारण अर्धं मिनिट. दांडेकर पुलाच्या सिग्नलला आपण याहून जास्त वेळ उभे असतो. दुसरा हिशेब खाण्याचा. तासभर पाच वॅट वाचवले म्हणजे, शरीराचा सगळा अपव्यय धरून, सतरा-अठरा कॅलरी वाचल्या. साबुदाण्याच्या खिचडीतले तीन-चार शेंगदाणे. सिंहगडाच्या पायथ्याशी आम्ही जे खातो त्यात शेंगदाण्यांची मोजदाद नसते.

याहून वाईट बातमी जुनी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर नावाच्या प्राध्यापकांनी सायकलच्या चेनची परीक्षा घेतली. चेन यंत्रावर फिरवली, उष्णता दिसणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिली, वाया किती जातं ते मोजलं. चेन चांगली ताणलेली असेल तर घातलेल्या ताकदीतली ९८.६ टक्क्यांपर्यंत ताकद पलीकडे पोचते, असं निघालं. वंगणं तीन प्रकारची लावून पाहिली, त्यात मेणाचंही होतं. कार्यक्षमतेत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. फरक पडत होता तो चेनच्या ताणाने आणि चकत्यांच्या आकाराने.

हे काकांना सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, 'प्रयोगशाळेत फरशी पुसलेली असते.' आणि यावर मला बोलता आलं नाही, कारण काकांचं बरोबर आहे. स्वच्छ खोलीत स्वच्छ चेन काहीही लावून चालते. वंगणाचं खरं काम घाण आत येऊ न देण्याचं, आणि ते कळायला घाण लागते. ऑस्ट्रेलियात झीरो फ्रिक्शन सायकलिंग म्हणून एक चाचणीघर आहे, तिथे यंत्रावर हजार-हजार किलोमीटरच्या टप्प्यांनी चेन चालवतात आणि काही टप्प्यांत मुद्दाम वर माती टाकतात, काहींत पाणीही. शेवटी चेन किती झिजली ते मोजतात. तिथे बुडवून लावलेलं मेण वर्षानुवर्षं वरच्या नंबरांत येतं. माती विकत आणून टाकावी लागते म्हणजे त्यांचे रस्ते किती चांगले असतील! आपल्याकडे ती सोय रस्त्यावरच आहे.

तेव्हा खरी बचत वॅटची नाही, झिजेची आहे. चेन झिजली म्हणजे लांबते. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्याच बारा इंचांवर अर्ध्या सुताहून, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाहून, जास्त वाढल्या की ती मागच्या चकत्यांचे दाते खायला लागते, आणि त्या चकत्यांचा गठ्ठा काही हजारांना पडतो. मेणावरची चेन बरीच जास्त टिकते. पण ही बचत काकांच्या तोंडून ऐकताना काकू टर्पेंटाइन, स्पिरिट, हीटर, थर्मामीटर आणि फिनलंड यांचा हिशेब मनात मांडत असतात, हे त्यांच्या बोटांकडे पाहिलं की कळतं.

पेठेतल्या आमच्या सायकल दुकानदाराला यातलं काहीच पटत नाही. त्याच्याकडे अजून लांब चोचीची तेलाची कुपी आहे, बूड दाबलं की टक् वाजणारी. 'साहेब, चेनला तेल. मेणबत्ती लाइट गेल्यावर लावायची,' एवढं बोलून तो पंक्चरकडे वळतो. त्याच्या गिऱ्हाइकांच्या सायकलींना मात्र फुल चेनकव्हर असतं, आणि खरं सांगायचं तर या वादावर शंभर वर्षांपूर्वीच तोडगा निघाला होता. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या सनबीम सायकलींची चेन पूर्ण बंद डब्यात असायची आणि त्या डब्यात थोडं तेल. चेन फिरताना स्वतःच तेलात न्हाऊन निघायची. धूळ नाही, डाग नाही, पोटरीवर शिक्का नाही. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीचं पत्र्याचं कव्हर हे त्याच घराण्यातलं, फक्त गरिबाघरचं. गिअर आले, चेन या चकतीवरून त्या चकतीवर उड्या मारायला लागली, आणि कव्हर गेलं. गिअरशिवाय ज्यांचं चालतं त्यांनी कव्हरवाली सायकल घ्यावी, हा माझा मनापासूनचा सल्ला आहे, आणि तो ग्रुपमध्ये दिल्यापासून मला राइडचे मेसेज उशिरा येतात.

मेणाचं सगळं ब्रह्मज्ञान जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपतं. पाऊस हा मेणाचा वैरी. पाणी पिनेपर्यंत जातं, मेण धुपतं, आणि बाहेरच्या पात्यांवर तेलाचा थर नसल्यामुळे ओल्या राइडनंतर चेन तशीच ठेवली तर सकाळी तिच्यावर तांबूस गंज दिसतो. नेम सांगतो की दर ओल्या राइडनंतर चेन उतरवा, वाळवा, पुन्हा मेणात बुडवा. ताम्हिणीच्या पावसात हे रोज कोण करील? एरवीचे लोक चातुर्मासात व्रत धरतात. मेणवाले चातुर्मासात सोडतात. जुलैत काकांच्या चेनवर काहीतरी ओलसर चमकतं. कुणी विचारलंच तर ते 'वेट लूब' म्हणतात. तेल म्हणत नाहीत. त्या चार महिन्यांत सायकल हॉलमधून बाल्कनीत जाते आणि तिच्याखाली वर्तमानपत्र असतं. दसऱ्याच्या सुमारास बरण्या पुन्हा बाहेर येतात आणि चेनला नव्याने स्नान. माझं विचाराल तर हीच वाटणी शहाणपणाची: कोरड्या दिवसांत मेण, पावसात तेल. काकांना ती मान्य नाही, पण ते वागतात तसंच.

राहता राहिलं उरलेलं मेण. हीटर गार झाल्यावर मेणाची वडी सुटून येते. तिच्या बुडाशी काळ्या गाळाचा थर बसलेला असतो. तो खरवडून टाकला की वरचं पुन्हा चालतं. पण कधीतरी वडी सगळीच मळते आणि बदलावी लागते, आणि काकूंना काहीही टाकून द्यायला आवडत नाही. त्यांनी अशी एक वडी बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या रुळावर घासून पाहिली. खांदा लावून ढकलावं लागणारं ते दार एका बोटाने सरकलं. मोलकरणीने ते पाहिलं, आणि तिच्याकडे त्या विंगेतली आणखी चार घरं आहेत.

परवा काका लिफ्टमध्ये होते, हातात कागदात गुंडाळलेली चेन. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आत आल्या. 'काका, तुमच्याकडे ते खास मेण असतं म्हणे?'

इतक्या वर्षांत सोसायटीतून हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. काकांचा चेहरा उजळला. 'असतं ना. सध्या मी टंग्स्टन डायसल्फाइडवालं वापरतोय. त्याचं कसं होतं, की पिन आणि आतली पाती यांच्यामध्ये...'

'आमच्या किचनची खिडकी फार अडकते हो. तुकडाभर मिळेल का? काळं असलं तरी चालेल.'

काका जरा गप्प झाले. मजला आला, दार उघडलं. वहिनी बाहेर पडल्या तेव्हा काकांनी लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं.

'देतो,' ते म्हणाले. 'पण त्या खिडकीला याआधी कुणी तेल घातलं नव्हतं ना?'